चाकरमानी बाप आणि घरचे तान्हे

भगिनींनो, स्मरणिकेत इतिहासावर काही लिहावयाचे ठरले की आपल्याकडे लेखणी आपोआप किल्ल्याकडे वळते. ते साहजिकच आहे. ज्यांना दर्यावर गेले की सिंधुदुर्गाचा तट समोर दिसतो, त्यांनी १६६४ साली पाया घातलेल्या त्या किल्ल्यावर लिहू नये तर कशावर लिहावे? पण किल्ल्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि पुढेही होतील. आज ज्या इतिहासाविषयी लिहिण्याचे मी योजिले आहे, त्याला तट नाही आणि बुरूज नाही. तो आपल्या माजघरातल्या पाळण्याभोवती घडला. मुंबईस चाकरीला गेलेला बाप आणि त्याच्या पाठीमागे गावी जन्मलेले त्याचे तान्हे मूल, या दोघांमधल्या अंतराचा हा इतिहास आहे.

चाकरमानी म्हटला की आपण जरा हसतो. त्याची ती पत्र्याची ट्रंक, त्याची अर्धी मालवणी आणि अर्धी मुंबईकडची भाषा, गणपतीच्या चार दिवसांतला त्याचा रुबाब, यावर आपल्या रंगभूमीने चांगला हात मारून घेतला आहे. हसण्यास हरकत नाही. परंतु हाच मनुष्य आपल्या पहिल्या मुलाच्या बारशाला नव्हता, उष्टावणाला नव्हता, मूल पहिले पाऊल टाकताना नव्हता. आणि हे एका घरात नव्हे, तर गावेच्या गावे, पिढ्यानपिढ्या असे चालले. मग हा काही एखाद्याच्या नशिबाचा भाग राहत नाही. त्याला कारणे असतात, आणि कारणे शोधता येतात.

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली आणि दोन वर्षांनी तारदेवला गिरणी चालू झाली. त्यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा असा सारा मुलूख गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. त्या गिरण्यांना माणसे लागत होती आणि आमच्याकडे माणसांशिवाय दुसरे काही विकण्यासारखे नव्हते. जमिनीचे तुकडे लहान, भात दोन-चार महिने पुरणारे, धंदा-कारखाना काही नाही. त्या काळी मालवण, देवगड, वेंगुर्ले हे तालुके रत्नागिरी जिल्ह्यात होते. सावंतवाडीचे संस्थान निराळे, ते १९४८ साली विलीन झाले. आणि आपला सिंधुदुर्ग जिल्हा तर १ मे १९८१ रोजी झाला. त्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली सव्वादोन लाखांहून अधिक माणसे १९२१ च्या शिरगणतीत मुंबई शहरात मोजली गेली. जिल्ह्याची स्वतःची वस्ती तेव्हा साडेअकरा लाखांच्या आसपास होती. यावरून हिशेब करावा. त्याच शिरगणतीत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे बाया होत्या सुमारे सव्वापाचशे. उरलेल्या बाया कुठे होत्या, हे आपणांस सांगावयास नको. त्या इथे होत्या. भात लावीत होत्या, गुरे राखीत होत्या, सासू-सासऱ्यांचे करीत होत्या, आणि मुले जन्माला घालीत होत्या.

आता सहज प्रश्न असा येतो की नवऱ्याने बायकोला आणि मुलाला मुंबईस का नेले नाही? जुन्या बाया याचे उत्तर एका वाक्यात देत: जागा नव्हती. ते खरेच आहे. १९२१-२२ च्या सुमारास सरकारने मुंबईच्या कामकरी कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा शेकडा ९७ कुटुंबे एकेका खोलीत राहत असल्याचे आढळले. ही झाली कुटुंबवाल्यांची गोष्ट. एकट्या पुरुषाच्या वाट्याला खोलीसुद्धा नव्हे, खोलीतली वळकटीपुरती जागा. एका गावची माणसे मिळून एक गाळा भाड्याने घेत. दिवसपाळीवाला उठला की त्याच्याच जागी रातपाळीवाला पाठ टेके. भिंतीवर खुंट्या, खुंटीखाली ट्रंक, आणि ट्रंकेवर गावदेवीचा नाहीतर रवळनाथाचा फोटो. जेवण खाणावळीत. या खाणावळी चालवणाऱ्या बायांचे ऋण मोठे आहे. पुढे १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, ते आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक असेल.

पण जागेच्या पलीकडे आणखी एक कारण होते, आणि ते मला फार मोठे वाटते. मुंबई तान्ह्या मुलांना जगू देत नव्हती. १९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आतली साडेसहाशेंहून अधिक मुले दगावली, असा सरकारी आकडा आहे. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांपुरता पाहिला तर तो आठशेंच्याही वर जातो. वाचताना अंगावर काटा येतो. मात्र या आकड्यात एक मेख आहे आणि ती आपल्याच बायांनी घातलेली आहे. आमच्याकडची सून मुंबईत असली तरी बाळंतपणाला गावी येई. जन्म नोंदला जाई मालवणात, देवगडात. चार-पाच महिन्यांचे मूल घेऊन ती परत गेली आणि ते मूल तिथे आजारी पडून गेले, तर मृत्यू मात्र नोंदला जाई मुंबईत. अर्थात जन्म कमी आणि मृत्यू जास्त, असे प्रमाण फुगे. त्या काळच्या जाणत्या लोकांनीही हे ओळखले होते. पण फुगवटा काढून टाकला तरी जे उरते ते भयंकरच आहे. अंधारी खोली, चुलीचा धूर, नळावरची गर्दी, गोवर आणि हगवण. ज्या बाया स्वतः गिरणीत जात त्या मुलाला अफूची बाळागोळी देऊन निजवीत आणि मग कामावर जात. त्यांना कोणी नावे ठेवू नयेत. रडणारे मूल सांभाळावयास घरात कोणी नसे, आणि गिरणीत पाळणाघर असणे बंधनकारक झाले ते स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने.

मग शहाण्या बापाने काय करावे? त्याने तेच केले जे आमच्या आजे-पणजांनी केले. मूल गावी ठेवले. मोकळी हवा, विहिरीचे पाणी, तांदळाची पेज, आणि आजीचा हात. मूल जगावे म्हणून त्याने ते दृष्टीआड ठेवले. या एका गोष्टीकडे आपला इतिहास लिहिणाऱ्यांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. गिरणीकामगार बायको-मुलांना गावी टाकून मुंबईत सडाफटिंग राहत असे, असे लिहून ते पुढे जातात. टाकणारे काही होतेच, त्यांच्याकडे पुढे येते. पण बहुतेकांनी टाकले नव्हते, ठेवले होते. हा फरक लहान नव्हे.

बरे, ठेवले तर ठेवले, अधूनमधून येऊन पाहावे, तर रजा कुठे होती? १८९० पर्यंत गिरण्यांना आठवड्याची सुट्टीसुद्धा ठरलेली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. फार मोठे काम झाले. तथापि रविवारची सुट्टी परळला बिऱ्हाड असलेल्या बापाच्या उपयोगाची. मालवणच्या बापाला एक रविवार मिळून काय करावयाचे? त्याचा अख्खा दिवस तर नुसता येण्यातच जावयाचा. सलग आठ-पंधरा दिवस हवेत, तर पगारी रजा हा शब्द गिरणीत ऐकू येण्यास १९४५ साल उजाडावे लागले. पुढे १९४८ च्या कायद्याने वीस दिवस काम केल्यावर एक दिवसाची भरपगारी रजा मिळू लागली. तोवर रजा म्हणजे खाडा. आणि कित्येक गिरण्यांत दुहेरी खाड्याची चाल होती, म्हणजे एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांचा पगार कापावयाचा. १९३६ च्या पगारवाटपाच्या कायद्याने अशा कापणीला लगाम बसला. शिवाय मागे राहिलेल्या जागेवर मुकादम बदलीवाला घेई. महिना-दीड महिना गावी राहून आलेल्या माणसाला पुन्हा पहाटे गिरणीच्या दरवाजावर बदली म्हणून उभे राहावे लागे. घेतला तर घेतला, नाहीतर परत खोलीवर. मुलाचे तोंड पाहून येण्याची किंमत नोकरी, असा हा सौदा होता.

आता वाट. आमची खरी वाट समुद्राची. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटावयाची, ती रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करीत मालवणास यावयाची, पुढे वेंगुर्ले आणि गोवा. आगबोट मालवणात धक्क्याला लागत नसे. ती बाहेर उभी राही आणि पडावातून उतारू किनाऱ्याला येत. बायाबापड्या कमरेएवढ्या पाण्यातून खलाशांच्या खांद्यावर बसून उतरत. १९२७ च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी बुडाल्या. त्यानंतर घरातली म्हातारी माणसे बोटीच्या दिवशी देवाला पाण्यात ठेवून बसत. आणि मेच्या अखेरीस पाऊस आला की बोटी बंद. ती वाट पुन्हा मोकळी व्हावयाची ती नारळी पौर्णिमा उलटल्यावर. पावसाळ्यात यावयाचेच झाले तर आगगाडीने मिरजेवरून कोल्हापूर गाठावयाचे आणि तिथून घाट उतरून खाली. कोल्हापूरपर्यंत आगगाडी १८९१ साली आली होती. पण एवढा फेरा आणि एवढा खर्च सामान्य चाकरमान्याच्या आवाक्यातला नव्हे.

यातून एक विचित्र पंचांग तयार झाले. चाकरमानी यावयाचा शिमग्याला, नाहीतर मे महिन्यात, नाहीतर गणपतीला. भगिनींनो, पुढचे नऊ महिने आपण बोटांवर मोजू शकतो. शिमग्याला येऊन गेलेल्याचे मूल मार्गशीर्षात, मे महिन्यात येऊन गेलेल्याचे माघात. म्हणजे बाप घरी असण्याचे दिवस आणि मूल जन्मण्याचे दिवस यांची गाठ सहसा पडतच नसे. गणपतीला येऊन गेलेल्याचे मूल वैशाख-ज्येष्ठात जन्मावयाचे. तेव्हा कुठे गाठ पडली तर पडली, आणि जरा उशीर झाला की वर आभाळ आणि पुढे बंद समुद्र. पावसाळ्यात जन्मलेले मूल बापाने पाहावयाचे ते गणपतीला, तेही रजा मिळाली तर.

जाता जाता एक सांगण्यासारखे आहे. याच किनाऱ्यावर, याच पावसाळ्यात, रापणकार आणि होडीवाले मासेकरी मात्र घरी असत. समुद्र बंद म्हणून त्यांचा धंदा बंद. जाळी विणावी, होड्या शाकाराव्या, आणि मांडीवर मूल घ्यावे. पैशाने ओढगस्त होती, पण गाबितवाड्यातल्या मुलाला बाप ठाऊक होता. शेजारच्या वाडीतल्या चाकरमान्याच्या मुलाला तो ठाऊक नव्हता. एकच समुद्र एका बापाला घरी बसवी आणि दुसऱ्याला घरी येऊ देत नसे.

मग मुलाची वार्ता बापाला कशी कळे? तार करण्याची पद्धत नव्हती. तार म्हणजे कोणीतरी गेले, असाच समज होता आणि तारवाला दिसला की अख्ख्या चाळीचे काळीज हाले. जन्माची बातमी पोस्टकार्डाने जाई. आपल्या देशात पोस्टकार्ड १८७९ साली आले, पाव आण्याचे. त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलेले असे. त्यावरून वाचता न येणाऱ्यालाही कळे की बातमी शुभ आहे. गाळ्यात कार्ड आले की ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची, बाप पेढे नाहीतर साखर वाटी, आणि संध्याकाळी पाळीला जाई. जुन्या धर्मशास्त्रात पुत्रजन्म झाल्याचे ऐकताच पित्याने अंगावरच्या वस्त्रांसह स्नान करावे, असे सांगितले आहे. ‘ऐकताच’ या शब्दावर मी पुष्कळ वेळ थांबले. लांबवर असलेला बाप शास्त्रकारांनाही माहीत होता म्हणावयाचा! त्याच्यासाठी त्यांनी जे ठेवले ते एवढेच, एक स्नान.

आणि घरून लिहिणार कोण? जिचे मूल तिला बहुधा लिहिता येत नसे. पत्र लिहावयाचे शाळामास्तरांनी, नाहीतर वाडीतल्या शिकलेल्या पोराने. तेही सासऱ्याच्या नावाने आणि सासऱ्यासमोर. तिथे सून काय सांगणार? ‘बाळ बाळंतीण खुशाल आहेत, नांगरणीस पैसे पाठवणे, तांबडी गाय व्याली’ या ओळीत तिचे सारे बाळंतपण आले. मुलाला पहिला दात आला, ते खुदकन हसू लागले, पालथे पडू लागले, हे मास्तरांना सांगून लिहवून घेण्याचा धीर कोणाला होता? पुढे मुली शाळेत जाऊ लागल्या तसतशी पत्रे बदलली. शिकलेल्या सुनेच्या पत्रात दात येऊ लागला, पाऊल पडू लागले. मुलींच्या शाळांचे फायदे सांगताना हा कोणी सांगत नाही. माझ्या मते तो पहिल्या पाचांत बसेल.

बापाकडून येई ती मनीऑर्डर. पोस्टाने ही सोय १८८० साली सुरू केली आणि आमचा जिल्हा मनीऑर्डरीवर जगतो, असे लोक म्हणू लागले. पगार महिना संपल्यावर आठ-दहा दिवसांनी व्हावयाचा. खाणावळीचे, गाळ्याचे, उधारीचे भागवून उरेल ते इकडे. पोस्टमन पडवीत बसून पैसे मोजी, साक्षीदार बोलावी, सुनेचा नाहीतर सासूचा अंगठा घेई. त्या फॉर्मच्या टोकाला एक लहानसे कुपन असे, त्यावर दोन ओळी लिहिता येत. त्या दोन ओळींत बापाला जे काही बाप म्हणून सांगावयाचे ते सांगावे लागे: मुलास जपणे, पावसात बाहेर काढू नये, नाव वडिलांचे ठेवावे. पैसे खर्च होत, कुपन राही. कित्येक बायांनी ती कुपने देव्हाऱ्याखाली, तांदळाच्या डब्यात, पेटीच्या तळाशी जपून ठेवली. वाचता येत नसतानाही ठेवली.

प्रत्येक कुपन वेळेवर येई असे मात्र नव्हे. काहींची मनीऑर्डर दोन महिन्यांनी, मग चार महिन्यांनी, आणि मग बंद. मुंबईत दुसरे बिऱ्हाड केलेले होते, दारूत बुडालेले होते, आजाराने गेले तरी कोणी कळवले नाही असेही होते. त्या घरांतल्या बायांनी मूल कसे वाढवले, हा आणखी एका लेखाचा विषय आहे. आज चाकरमान्याची बाजू मांडताना त्यांना विसरून चालणार नाही म्हणून एवढे लिहिले.

पाचवी झाली, बारसे झाले. पाळण्याच्या दोरीला हात लावावयास आत्या आणि मामी; कुडते-टोपडे मामाकडचे. बाप नाही म्हणून कोणी थांबत नसे. थांबले असते तर कोणत्याच मुलाला वेळेवर नाव मिळाले नसते. उष्टावणाला खीर भरवी तो मामा. मूल बोलू लागले की आजोबांनाच बाबा म्हणे, कारण ज्याला सगळे बाबा म्हणतात तो तोच. आणि मग एके दिवशी बोटीवरून एक परका मनुष्य घरी येई. मुलासाठी त्याने मुंबईच्या बाजारातून अदमासाने घेतलेले झबले हमखास लहान निघे, कारण त्याच्या मनात मूल पत्रातल्या वयाचेच राहिलेले असे. तो हात पुढे करी आणि मूल भोकाड पसरून आजीच्या पदरात तोंड लपवी. ‘अरे, तो तुझो बापूस!’ म्हणून सगळे हसत. तोही हसे. चार-सहा दिवसांत मूल त्याच्या खांद्यावर बसू लागे, आणि त्याच सुमारास त्याची जाण्याची तारीख येई.

गिरणीतल्याच एका माणसाची उलटी हकीकत सर्वांना माहीत आहे. १९२६ च्या सुमारास गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणीकामगाराला मुंबईत टाकून दिलेले तान्हे मूल सापडले. त्यांनी आणि काशीबाईंनी ते घरी आणून वाढवले, आपले नाव दिले. दोघेही कामावर जाणारी, जागा तीच चाळीतली. ते मूल म्हणजे कवी नारायण सुर्वे. १९३६ साली काम सुटल्यावर गंगाराम गावी कोकणात गेले आणि जाताना पोराच्या हातावर दहा रुपये ठेवून गेले, असे स्वतः सुर्व्यांनी सांगितले आहे. ज्या शहरात हजारो बापांना आपली मुले जवळ ठेवता आली नाहीत, तिथे एकाने दुसऱ्याचे टाकलेले मूल जवळ ठेवले. आणि शेवटी त्याही घराची वाट गावाकडे आणि मुंबईकडे अशी दुभंगलीच.

पोटासाठी जे झाले ते विद्येसाठीही झाले. डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, आणि रमाबाईंचे माहेर दापोलीजवळचे वणंद. म्हणजे दोन्ही घरे आमच्या जुन्या जिल्ह्यातलीच. त्यांचे थोरले चिरंजीव यशवंतराव १२ डिसेंबर १९१२ रोजी जन्मले. १९१३ च्या मध्यावर बाबासाहेब अमेरिकेस शिकावयास गेले, तेव्हा मूल सहा-सात महिन्यांचे होते. ते परत आले ऑगस्ट १९१७ मध्ये. मूल रांगले, चालले, बोलले, पावणेपाच वर्षांचे होत आले; हे सगळे रमाबाईंनी एकटीने पाहिले. बोटीच्या टपालाने अमेरिकेत पत्र पोचण्यास कित्येक आठवडे लागत, आणि पुढे महायुद्ध पेटले. या दांपत्याची यशवंतराव सोडून बाकीची चारही मुले लहानपणीच गेली. पुढे १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामकरी स्त्रियांच्या प्रसूती-भत्त्याचे बिल आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला जोराचा पाठिंबा दिला. १९२९ साली तो कायदा मुंबई इलाख्यात झाला, देशात पहिला. गिरणीतल्या बाळंतिणीला काही आठवड्यांचा भत्ता मिळू लागला.

त्या कायद्यात बापाचा उल्लेख नाही, आणि त्या वेळी कोणी मागितलाही नव्हता. मूल झाल्यावर बापालाही रजा हवी हे सरकारदरबारी मान्य होण्यास आणखी अडुसष्ट वर्षे गेली. १९९७ साली केंद्र सरकारने आपल्या पुरुष नोकरांना पहिल्या दोन अपत्यांपुरती पंधरा दिवसांची रजा दिली. आईची रजा २०१७ साली सव्वीस आठवड्यांची झाली. खाजगी नोकरीतल्या बापासाठी देशभर लागू होईल असा कायदा मात्र झालेला नाही. मालक देईल ती रजा.

स्वातंत्र्यानंतर अंतर हळूहळू कमी झाले. एस. टी. आली, घाट पक्के झाले, बारा महिने येता-जाता येऊ लागले. थोड्याफार लोकांनी बिऱ्हाडे केली आणि मुले मुंबईत वाढली. आणि मग १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. खोलीचे भाडे थकले, खाणावळीचे थकले, तेव्हा पुष्कळजण ट्रंक उचलून गावी आले. त्या वर्षी आपल्या वाड्यांतून एक दृश्य दिसले, जे तोवर क्वचितच कोणी पाहिले होते: ऐन भरात असलेले पुरुष मार्गशीर्षात, माघात, भर पावसात घरी, आणि कडेवर तान्ही मुले. मुलांना बाप मिळाले. मनीऑर्डर मात्र बंद झाली. पेजेला तांदूळ कुठून आणावा या विवंचनेत असलेल्या त्या घरांत मुलाच्या पहिल्या पावलाचे कौतुक कितपत झाले असेल, हे आपणच ठरवावे. त्या घरांतल्या बायांनी काजू फोडले, मासे विकले, आंब्याच्या पेट्या भरल्या, आणि घर चालवले.

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. कणकवलीला, कुडाळला रात्री बसलेला मनुष्य सकाळी मुंबईत उतरू लागला. तारखाते २०१३ च्या जुलैत बंद झाले. तरीही २०११ च्या शिरगणतीत आपल्या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०३६ बाया आणि शेजारच्या रत्नागिरीत ११२२ बाया भरल्या, याचा अर्थ माणसे अजून बाहेरच आहेत. कोणी मुंबईत, कोणी गोव्यात, कोणी आखातात, कोणी मालवाहू जहाजावर. जहाजावरचा बाप आज फोनच्या पडद्यावर मुलाला पाहतो. मूल पडद्याला हात लावते आणि त्याच्या मागे जाऊन बघते की हा मनुष्य कुठे आहे. हे अंतर आगबोटीच्या काळापेक्षा कमी की जास्त, हे ज्या घरात घडते त्या घरातली सूनच सांगू शकेल.

या लेखासाठी मी शिरगणती आणि कायद्यांतील तारखा जुळवल्या. परंतु खरा कागद त्यात नाही. तो आपल्या पेट्यांतून आहे. ज्या भगिनींच्या घरी सासूबाईंच्या, आजेसासूबाईंच्या ट्रंकेत मनीऑर्डरीची कुपने, कुंकवाच्या कोपऱ्याची कार्डे किंवा मुंबईस पाठवण्यासाठी काढलेला मुलाचा फोटो असेल, त्यांनी ते पावसाळ्यापूर्वी उन्हात घालून मंडळात आणून द्यावेत. कपाटातला वरचा खण त्यासाठी मोकळा केला आहे. कागदामागे पेन्सिलीने घराण्याचे नाव, वाडी आणि ठाऊक असल्यास साल तेवढे लिहावे. आणि पान फाटके असले तरी चिकटवू नये, तसेच आणावे.